दोन बोटं

पुंता अरेनासला वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकात दोऱ्या बांधतात,
धरून धरून रस्ता ओलांडायला.
बाकीचे टोपी सांभाळतात.
मी उजवा गाल.

पहिली कळ आली लोकरीच्या गोदामात.
कपाळावरची बट मागे सारली, एवढंच,
आणि डोळ्याखालून दाढेपर्यंत
कोणीतरी तापलेली तार ओढून घेतली.
सात सेकंद.
मुकादमाला वाटलं, बोट कापलं.

दातांच्या डॉक्टरनं तीन दाढा काढल्या,
तिन्ही धडधाकट.
बटणांच्या डब्यात ठेवल्यात मी. डबा हलला
की बटणांहून जाड आवाज येतो त्यांचा.

मग दोन वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार.
इथं भेटलं की गालाला गाल लावतात,
शेजारीण, पाद्री, बँकेतली मुलगीसुद्धा.
मी लांबून दिसलं कोणी की फुटपाथ बदलायचे.
लोक म्हणाले, रेमिहियाला शिंगं फुटली.
नात धावत यायची, मुरंब्याचे हात घेऊन,
आणि मी तिला हातभर अंतरावर थोपवायचे,
चिखलात लोळलेल्या कुत्र्याला थोपवतात तशी.

गुरुवार, सहा वाजता, बंबखान्याच्या मागची खोली.
दाराला आतून घोंगडी ठोकलेली,
फटीतूनही वारा येऊ नये म्हणून.
ती घोंगडी बघूनच मला खुर्चीवर बसावंसं वाटलं.

कोणी उठून गाल पुढे केला नाही.
नेवेंका मारुसिचनं कोपराला कोपर टेकवलं.
सूप कोमट. मुद्दाम कोमट.
एलिसेओ बारियाच्या अर्ध्या तोंडावर दाढी,
अर्धं तुळतुळीत;
ज्या बाजूला वस्तरा चालतो, ती.
चाळीस वर्षं फेरीबोटीवर होता,
तिथल्यासारखंच बोटांनी विचारलं:
कितवी?
त्याची तिसरी, जबड्याची.
कपाळाची पहिली, ती ओस्वाल्दिनाची.
मी दोन बोटं वर केली.

कोपऱ्यात बेकरीतला एक पोरगा होता, एकोणीस वर्षांचा.
त्यानं मान वर न करता
पिठानं माखलेली दोन बोटं दाखवली.

मला रडू आलं.
रडायलासुद्धा मान डावीकडे कलवावी लागते,
थेंब त्या गालावरून जायला नको.
हात रुमालाकडे गेला, तर नेवेंका
सूप ढवळता ढवळता म्हणाली,
टिपू नकोस. वाळू दे.

एवढं कोणी शिकवलं नव्हतं मला दोन वर्षांत.

असं नाही की आमचं सगळं जमतं.
ओस्वाल्दिना लसणाच्या तेलाचं इतकं सांगते
की एलिसेओ खुर्ची फिरवून बसतो.
तो सांतियागोला ऑपरेशनला जाणार म्हणतो,
गेल्या तीन हिवाळ्यांपासून म्हणतो.
गोळ्यांनी शब्द पळतात;
मी चमचा मागायला गेले आणि वल्हं मागितलं.
क्षणभर कोणी हसलं नाही.
मग सगळेच हसले, जपून,
ज्याची जी कड मोकळी त्या कडेनं.

नातीला मी कोपराचं शिकवलं.
तिनं कोपर लावलं, विचार केला,
आणि तिथंच, स्वेटरवरच, पापा घेतला.
बाहीवर अजून मुरंब्याचा डाग आहे.

मागच्या गुरुवारी एलिसेओ सांगत होता
एका रात्रीचं, सामुद्रधुनीतलं,
बोटीवर चारशे मेंढ्या, आणि कप्तान
आणि तिथंच तो थांबला. डोळे मिटले.
कोणी धावलं नाही.
कोणी "काय झालं" म्हटलं नाही.
ओस्वाल्दिनानं चमचा बशीला लागू न देता खाली ठेवला.
पोरगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला.
घोंगडीमागे वारा दाराला धडका देत होता.

किती? एलिसेओनं विचारलं.
एक्केचाळीस, पोरगा म्हणाला.
हं.
तर कप्तान झोपलेला होता.